फडावरचं तान्हं बाळ

(बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर इथं ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी झालेल्या कार्यकर्त्या-शिबिरातलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मला दिलेला विषय असा आहे : तान्ह्या आणि लहान मुलांना आजाराचा धोका जास्त का असतो? शिबिराच्या पत्रिकेत तो 'आरोग्य' या सदरात घातलाय. उचल, मुकादम, मजुरीचे दर हे विषय उद्या दुपारी आहेत. मी आत्ताच सांगून टाकते, मला हे दोन विषय वेगळे ठेवता येणार नाहीत. बिद्रीत बसून तर नाहीच. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचं धुराडं आता पेटेल. बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागातून, विजापूरकडून टोळ्या येतील. संसार ट्रॅक्टरवर चढवून येतील आणि त्या संसारात बाळंही असतील. टोळीत कोयते किती, बैल किती हे मुकादमाला तोंडपाठ असतं. बाळं किती, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी बाळाच्या शरीरापासून सुरुवात करते आणि तिथून फडावर जाते.

आधी एक समजूत डोक्यातून काढूया. बाळ म्हणजे मोठ्या माणसाचा छोटा नमुना नव्हे. त्याचं शरीर वेगळ्या रीतीनं चालतं.

पाण्याचंच बघा. नवजात बाळाच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग पाणी असतो. तीन किलोच्या बाळाला जुलाब-उलट्या लागल्या आणि तीनशे ग्रॅम पाणी गेलं, की त्याचा जीव धोक्यात येतो. तीनशे ग्रॅम म्हणजे दीड पेला. ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगातून एवढा घाम न्याहारीच्या आतच जातो. ती कळशीतून तांब्याभर पाणी पिते आणि पुन्हा वाकते. बाळाला तहान लागली हे सांगता येत नाही. त्याची मूत्रपिंडंही अजून पुरती तयार नसतात, त्यामुळे अंगातलं पाणी राखून ठेवणं त्याला मोठ्यांसारखं जमत नाही. सकाळी हसणारं पोर संध्याकाळी डोळे खोल जाऊन पडलेलं असतं ते यामुळं. आपल्याकडे टाळू खोल गेली की तेल घालून टाळू भरतात. तेलानं ती भरत नाही. पोटात पाणी आणि मीठ गेलं की भरते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर दूध पाजणं चालूच ठेवायचं, जास्त वेळा पाजायचं, आणि जोडीला क्षारसंजीवनीचं पाणी चमच्या-चमच्यानं द्यायचं.

क्षारसंजीवनीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-सोडा यांचं पाणी पिंपात कालवलं आणि नातेवाईकांच्या हातात पेले दिले. आई पाजत होती, बहीण पाजत होती. उपचार न मिळता अशा साथीत शंभरातले पंचवीस-तीस जात. तिथं ते प्रमाण चारांच्या खाली आलं. साखर असली की आतड्यातून मीठ आणि पाणी शरीरात शोषलं जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त अजिबात नको. आता मला सांगा, साखरेच्या गोदामापासून हाकेच्या अंतरावर एखादं पोर जुलाबानं सुकून गेलं तर त्याला काय म्हणायचं? आईचं अज्ञान?

थंडीचंही तसंच आहे. वजनाच्या मानानं बाळाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा दुपटीहून जास्त पसरलेली असते, म्हणजे ऊब बाहेर जायला वाट तेवढी मोठी. आपण थंडीत कुडकुडतो. त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांमागे, पाठीत खास प्रकारची थोडी चरबी असते, ती जाळून ते तग धरतं. अडीच किलोच्या आतल्या बाळाकडे तीही कमीच. गार पडलेलं बाळ रडत नाही, पीत नाही, नुसतं पडून राहतं. कुणी म्हणतं, शहाणं आहे, त्रास देत नाही. मैत्रिणींनो, जे तान्हं बाळ त्रास देत नाही त्याच्या तळपायाला आधी हात लावून बघा. पाय गार लागले तर त्याला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरुणात बांधा. कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात १९७०च्या दशकाच्या अखेरीला काचपेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि आता ते जगभर मान्य आहे. आपल्या आज्यांना काचपेटी ठाऊक नव्हती, पण पदराखाली धरणं ठाऊक होतं.

पण पदराखाली धरायला आई जागेवर पाहिजे. डिसेंबरात पाचटाच्या कोपीत पहाटे तीन-चारला सगळ्यात जास्त गारठा असतो, आणि नेमकी तेव्हाच ती उठते. भाकरी करते, गाडी भरायला जाते. बाळ गोधडीत एकटं.

तिसरं श्वासाचं. मोठं माणूस मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतं, तान्हं बाळ चाळीसच्या वर. म्हणजे कोपीतल्या चुलीचा धूर वजनाच्या मानानं बाळाच्या छातीत आपल्यापेक्षा किती तरी जास्त जातो. श्वासनळी काडीसारखी बारीक. मोठ्याच्या नळीला जरा सूज आली तर खोकला होतो; तेवढ्याच सुजेनं बाळाची वाट निम्मी बंद होते. इथं एक गोष्ट प्रत्येकीनं शिकून जावी, त्याला डॉक्टर लागत नाही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, असं दिसलं तर तो साधा सर्दी-खोकला समजू नका. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, तर मोजायलाही थांबू नका, दवाखाना गाठा.

आता प्रतिकारशक्ती. बाळ पोटात असताना आईच्या रक्तातून त्याला थोडी शिदोरी मिळते. ती काही महिन्यांत संपते. पहिल्या दिवसांचा चीक आणि नंतरचं दूध यातून आतड्याला संरक्षण मिळत राहतं. पण बाळाची स्वतःची फौज तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून लसी. त्यांच्या वेळा मनाला येईल तशा ठरवलेल्या नाहीत. जन्मतः, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, नंतर नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची पहिली. हे वेळापत्रक उसाच्या हंगामाशेजारी ठेवून बघा. गणपतीच्या सुमारास जन्मलेलं बाळ दिवाळीच्या आगेमागे गाडीवर चढतं, त्याच्या दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी फडावर येतात. वैशाखात जन्मलेल्या बाळाचा नववा महिना भर हंगामात पौष-माघात येतो. आणि नऊ महिन्यांचं बाळ गोवराला सगळ्यात उघडं, कारण आईची शिदोरी संपलेली असते. गावच्या यादीत नाव असतं, शेरा असतो 'बाहेरगावी'. इथल्या यादीत नावच नसतं.

पोटाचंही सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हिशेब तिथं आहे. पाच महिन्यांत बाळाचं वजन दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. किलोमागे त्याला आपल्या दुपटीहून जास्त अन्न लागतं आणि पोट मात्र एवढंसं. म्हणून ते थोडं-थोडं, सारखं मागतं. तान्ह्या बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. आठच धरा, वीस-वीस मिनिटं धरा. एकशे साठ मिनिटं. पावणेतीन तास रोज. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की ते मऊ शिजवणं, दिवसातून तीन-चार वेळा भरवणं आणि वर पाजणं आहेच. हे काम आहे. शरीर झिजवणारं, वेळ खाणारं काम. फडावर ते कुठल्या वहीत लिहिलं जातं?

कोयता म्हणजे काय हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, खरं तर त्याच्या नावावर, आणि फेडायची दोघांनी. एक दिवस पडला तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीत चढतात. त्यानं तोडायचं, तिनं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. पाजायला बसली की मोळ्या मागं पडतात. बाळंतीण झाली तर किती दिवसांनी उभी राहायची, हे तिच्या अंगावर ठरत नाही, उचलीवर ठरतं. हाच खाडा पाळीच्या दिवसांतही लागतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. तो विषय वेगळ्या भाषणाचा आहे. मला एवढंच दाखवायचंय की जी वही बाईच्या शरीराला जागा देत नाही, ती तिच्या बाळाला कुठून देणार?

मग बाळाला कोण बघतं? बहीण. सात-आठ वर्षांची. बाळाला काखोटीला मारून ती बांधावर बसते, झोळी हलवते. बाळ रांगायला लागलं की प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, माती, पाचट, फवारणीचा रिकामा डबासुद्धा. ट्रॅक्टर मागं-पुढं होत असतो. त्या पोरीवर भावंडाच्या जिवाची जबाबदारी, आणि काही झालं तर बोलणीही तिलाच. साखरशाळा निघाल्या ते फार चांगलं झालं. आपल्या कोल्हापुरात 'अवनि'नं, अनुराधा भोसले यांनी, वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हे काम नेटानं केलंय. पण तीन वर्षांखालच्या बाळाची सोय झाल्याशिवाय ती आठ वर्षांची मुलगी शाळेत येणार नाही. आली तरी बाळ घेऊन येईल.

मुलीचा विषय निघालाय तर एक गोष्ट. निसर्गानं मुलीला जास्त चिवट घडवलंय. पहिल्या महिन्यात जगभर मुलींपेक्षा मुलगे जास्त दगावतात. पण आपल्या देशात वर्षानुवर्षं आकडे सांगत आले की पुढच्या काळात, एक ते पाच या वयात, मुली जास्त गेल्या. शरीर बदललं नव्हतं. दवाखान्यात कुणाला आधी न्यायचं, अंडं कुणाला द्यायचं, हे घरात ठरत होतं. आपला जिल्हा तर त्याच्याही आधीच्या पायरीवर बदनाम झाला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला होता, तरीही. आणि हे काही कोप्यांत राहणाऱ्यांनी केलं नव्हतं. पक्क्या घरात, मोटारीतून दवाखान्यात जाणाऱ्यांनी केलं होतं. 'अडाणी' हा शब्द वापरताना हे आठवत चला.

अडाणी आई, घाणेरडी वस्ती, हट्टी अंधश्रद्धा : बालमृत्यूवरच्या किती भाषणांत हे आपण ऐकलंय! याचं उत्तर गडचिरोलीत मिळालं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास ओळखणं, जंतुदोष ओळखून औषध, इंजेक्शन देणं. अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या आया त्यांचं ऐकत होत्या, कारण त्या दारात येत होत्या, रात्रीसुद्धा. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन जे करतात त्याचं मूळ तिथं आहे. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १९९० च्या सुमारास हजारी साठाच्या जवळ होता, २०२० मध्ये तो १६ वर आला. त्या सोळांतली ११ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात, म्हणजे उरलेला प्रश्न मुख्यतः बाळंतिणीच्या खोलीतला आहे. आणि खोली नसली तर कोपीतला.

सरासरीनं फसू नका, एवढंच म्हणेन. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. वेगवेगळ्या संस्थांनी मिळून गावोगाव मोजणी केली होती. सरकारी दप्तरात न लागलेले बालमृत्यू किती मोठ्या संख्येनं असतात हे त्यातून बाहेर आलं. फिरत्या कुटुंबातलं बाळ तर दोन दप्तरांच्या फटीत पडतं. ते इथं गेलं तर म्हणतात बीडचं, बीडला विचारलं तर म्हणतात तिकडं गेलं.

आईची मजुरी आणि बाळाचा जीव यांची गाठ नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या बायका शंभर वर्षांपूर्वी कामावर जाताना बाळाला 'बाळगोळी' देत. तिच्यात अफू असे. बाळ दिवसभर झोपून राही, भूकही मरे. सुधारकांनी आयांना दोष दिला. पण पाळणाघर नव्हतं आणि बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला त्या काळात विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानं त्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला. २०१७ पासून पगारदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे मिळू लागले. मला त्याचा आनंद आहे. पण ज्या बाईच्या कोयत्यावर पांढरी साखर उभी आहे तिला यातलं काय मिळालं? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार, तेही कागद जुळले, हप्त्याच्या वेळी ती त्या गावात असली तर.

पाळणाघराचंही असंच. कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं, अशी तरतूद १९७६ च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यात आली. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार धरली जात नाही. ती मुकादमाची, मुकादम वाहतूकदाराचा, वाहतूकदार करारातला. साखळी एवढी लांब की शेवटच्या कडीला बाळ लोंबकळतंय हे पहिल्या कडीला दिसत नाही. कुणी म्हणेल, फड आज इथं, उद्या तिथं, पाळणाघर कसं फिरवणार? मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर तंबूत मोबाइल क्रेशचं पहिलं पाळणाघर मांडलं. इमारत उठली की पाळणाघर उठायचं, पुढच्या इमारतीवर जायचं. १९७२ मध्ये ते मुंबईत आलं. जमतं. खर्च कुणी करायचा हा प्रश्न असतो, फिरवायचं कसं हा नसतो.

आता इथल्या कामाचं. सभागृहात अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, बचत गटाच्या बाया आहेत. आशाताईंच्या भेटी ठरलेल्या आहेत : दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या भेटी कोपीवर दुपारी केल्या तर आई सापडणार नाही. अंधार पडल्यावर, चूल पेटलेली असताना जावं लागेल, आणि एकटीनं जायला लावणं बरोबर नाही. जोडीनं जा, जाण्यायेण्याचा खर्च मागा. तो मागायला आम्ही बरोबर येऊ. अंगणवाडीचा आहार मुलाला तो जिथं आहे तिथं मिळाला पाहिजे, 'आमच्या यादीत नाही' हे उत्तर आपण ऐकून घ्यायचं नाही. कारखान्यांकडे या हंगामात सगळं एकदम मागण्यापेक्षा मी दोन गोष्टींवर हटून बसेन : तळावर पिण्याचं स्वच्छ पाणी, आणि बाळंतिणीचा व पाजणाऱ्या आईचा खाडा माफ. पाळणाघराची मागणी लेखी देऊन ठेवायचीच, पण बाळ पाळणाघराच्या मंजुरीसाठी थांबत नाही. आणि मुकादमाशी बोलताना त्याच्या बायकोला बसवून घ्या. तीही पूर्वी फडावर बाळंत झालेली असू शकते.

टोळ्या उतरतील त्या आठवड्यात प्रत्येक तळावर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची नोंद करायची असं काल आपण बोललो. नाव, जन्मतारीख, शेवटची लस कुठली, गावचं आरोग्य केंद्र, आई पाजते का, दिवसभर बाळ कुणाजवळ असतं. मुरगूडच्या ताईंनी वह्या आणल्यात. आणखी कुठला रकाना हवा ते जेवणाआधी ठरवून टाकूया.